खेळाडू थांबतो, उस्ताद उरतो

मागच्या महिन्यात शाळा सुटताना एक पालक भेटायला आले. चाळीसगाव स्टेशनजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, मुलगा दहावीत. म्हणाले, "सर, याला मैदानावरून घरी पाठवत जा. स्वतः खेळत असता तर समजलो असतो. गुडघा दुखावल्यापासून लोकांच्या पोरांना शिकवत बसतो. यात त्याला काय मिळणार?"

आम्हाला मुंबईचा नागपाडा आठवला. दाट वस्ती, लहान खोल्या. १९२७ साली अमेरिकन मिशनने तिथं नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केलं आणि त्या मोहल्ल्यात बास्केटबॉल रुजला. तिथलेच अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे त्यांनी मोहल्ल्यातल्या मुलांना खेळ शिकवला. नागपाड्यात त्यांचं नाव आजही अदबीनं घेतलं जातं, ते काही फक्त पुरस्कारामुळे नाही.

दूर सर्बियातलं उदाहरण घ्या. झेल्को ओब्रादोविच १९९० च्या विश्वविजेत्या युगोस्लाव्ह संघात होते. १९९१ मध्ये खेळ सोडून ते प्रशिक्षक झाले. देशात युद्ध पेटलेलं, त्यामुळे संघाला घरचे सामनेसुद्धा स्पेनमध्ये खेळावे लागले. तरी १९९२ मध्ये पार्टिझान युरोपचा विजेता ठरला. पुढे वेगवेगळ्या संघांना घेऊन त्यांनी हा मान एकूण नऊ वेळा मिळवला. २०१७ मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाचेलाही त्यांनीच जिंकवलं. खेळाडू म्हणून त्यांना ओळखणारे थोडे, प्रशिक्षक म्हणून सारं युरोप ओळखतं.

हे सांगितल्यावर ते पालक म्हणाले, "ती मोठी माणसं, सर. आमचं दुकान भाड्याचं आहे."

त्यांचं चुकलं नव्हतं. नुसत्या नावानं घरात पीठ येत नाही. म्हणून आम्ही वाट सांगितली: आधी दहावी, मग बारावी आणि पदवी. त्यानंतर बी.पी.एड. केलं तर शाळेत क्रीडाशिक्षक होता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमाही आहे. नोकरीची हमी आम्ही दिली नाही, ती देता येत नाही.

शेवटी ठरलं असं: असरनंतर तासभर मैदान, मगरिबनंतर अभ्यास, रविवारी दुकान. "दहावीचा निकाल लागेपर्यंत बघतो," एवढंच ते म्हणाले. मुलगा बीजगणितात कच्चा आहे, ते आता आमच्याकडे लागलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आपल्या घरात उस्ताद आले की आपण उठून उभे राहतो, त्यांच्यासमोर आवाज चढवत नाही. आणि आपलाच मुलगा उस्ताद व्हायचं म्हणाला, की विचारतो, "यात काय मिळणार?" अम्मी-अब्बांनी यावर एकदा घरात बोलावं.