ढिल्या तारा आणि सैल विचार

जुन्या मोटारसायकलींचें वेड सध्यां सुशिक्षित घरांतून बरेंच वाढलें आहे, आणि राजदूत ३५० ही तर या भक्तमंडळींची कुलदेवताच होऊन बसली आहे. यामाहाच्या आर. डी. ३५० या जपानी गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनें ती १९८३ सालीं भारतांत आणली. किंमत जड आणि पेट्रोलचा खर्च त्याहून जड, म्हणून तिची निर्मिती दशकभरही टिकली नाहीं. आज मात्र तीच गाडी मिरविण्याची वस्तु झाली आहे. टांकी आरशासारखी, नळकांडीं चकचकीत, आणि मालकाच्या मुखीं अश्वशक्तीचे आंकडे! परंतु या थाटाच्या आड ज्या बारीक केबल आहेत, ज्यांना आपण सरळ तारा म्हणूं, त्यांची विचारपूस करणारा मालक क्वचितच आढळतो. ही उपेक्षा क्षुल्लक आहे असें पुष्कळांस वाटतें. ती क्षुल्लक नाहीं, प्रसंगीं जीवघेणी आहे, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. या इंजिनाला दोन सिलिंडर असून प्रत्येकाला स्वतंत्र कार्बोरेटर आहे. कार्बोरेटरच्या गळ्यांत एक सरकती झडप असते. ती जितकी वर उचलावी तितकी हवा आंत शिरते आणि हवेबरोबर पेट्रोल. उजव्या मुठीपासून एक तार निघते व वाटेंत तिला तीन फांटे फुटतात. दोन फांटे दोन झडपांकडे जातात, तिसरा तेलाच्या पंपाकडे. मूठ एकच असली तरी दोन्ही झडपा एकाच क्षणीं उचलल्या जातील कीं नाहीं, हें तारांच्या जुळणीवर ठरतें. तार वापरानें बसते, तिचें बाहेरचें वेष्टण दबतें, आणि दोन तारा सारख्याच प्रमाणांत बसतील असा कांहीं नियम नाहीं. एक झडप एक मिलिमीटर वर असतां दुसरी दीड मिलिमीटर वर गेली, तर फरक अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. पण प्रमाणानें पाहिलें तर एक दुसरीच्या दीडपट उघडी! हाच फरक वीस मिलिमीटरांच्या उंचीवर चाळिसाव्या हिश्शाइतका उरतो. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाणारी गाडी निर्दोष वाटते आणि गल्लीबोळांत शिरतांच धक्के देऊं लागते. यावर मालकाचें उत्तर ठरलेलें: "जुनी गाडी आहे, तिचा स्वभावच तसा." यंत्राला स्वभाव नसतो. त्याच्या माथीं आपला आळस मारण्याची ही एक सोयीस्कर युक्ति आहे.

या दोषावर सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे कार्बोरेटरच्या कुशींतला स्क्रू पिळणें. आतां हा स्क्रू कशासाठीं असतो? गाडी उभी असतां इंजिन संथ चालावें म्हणून झडपेला खालून टेकू द्यावा, एवढेंच त्याचें काम. मूठ सोडलेली असतां झडप या टेकूवर बसलेली असते. तारेचा तिच्यावर त्या वेळीं कांहींच ताण नसतो. मग टेकू फिरवून तारेचा दोष कसा जावा? रोग रेड्याला आणि औषध पखालीला! यांत अधिक वाईट हें कीं, स्क्रू पिळल्यानें उभ्या गाडीचा आवाज गोड होतो, मालक प्रसन्न होऊन पैसे मोजतो, आणि दोष जेथल्या तेथें राहतो.

दुसरा पक्ष कानाचा. मुरलेल्या मिस्त्रीला नुसत्या आवाजावरून सर्व कळतें, त्याला आरसे आणि मोजमापें कशाला, असें हा पक्ष विचारतो. मुरलेल्या कानाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. पण उभ्या गाडीवर ऐकूं येतो तो टेकूंचा आवाज; तारांची साक्ष त्यांत नसतेच. आणि मूठ फिरवितांच दोन्ही सिलिंडर एकाच दांड्याला फिरवीत असल्यामुळें सबळ सिलिंडर दुर्बळाचें वैगुण्य झांकून टाकतो. जी गोष्ट कानापर्यंत पोंचतच नाहीं, तिचा न्याय कानानें कसा करावा?

खरी रीत अवघड नाहीं. तारांना ढील देऊन आधीं दोन्ही टेकू जुळवावे. मग इंजिन बंद ठेवून हवेची गाळणी काढावी, कार्बोरेटरच्या तोंडाशीं आरसा धरावा किंवा आंत बोट लावावें, आणि मूठ अगदीं सावकाश फिरवावी. दोन्ही झडपा एकदमच हलल्या पाहिजेत. न हलल्यास कार्बोरेटरच्या माथ्यावरील जुळवणीनें त्या तशा करून घ्याव्या. मुठीला थोडी ढील राहिलीच पाहिजे. शेवटीं गाळणी बसवून, इंजिन चालू करून, हँडल एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वळवावें. इंजिनाचा वेग वाढला तर तार कोठें तरी ओढली जात आहे असें समजावें. हें सर्व झाल्यावरच पंपाची तार पाहावी. कारण पंपावरची खूण मुठीच्या ज्या स्थितीशीं जुळवावयाची, ती स्थितीच आधींच्या जुळणीनें बदलते.

ही तिसरी तार विसरली जाते, आणि सर्वांत मोठें भय तिच्यांतच आहे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशीं तेलाचा सांठा नसतो. पंप जें तेल पुरवितो तेंच पिस्टनला वंगण देतें व पेट्रोलबरोबर जळून जातें. किती तेल द्यावयाचें हें इंजिनाचा वेग आणि या तारेची ओढ मिळून ठरवितात. तार मागें राहिली तर मूठ उघडूनही तेल अपुरें पडतें. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला चिकटतो, आणि क्लच वेळेवर दाबला नाहीं तर मागचें चाक जागच्या जागीं अडकतें. मागें बसलेल्या मुलाला त्या क्षणीं बापाच्या अश्वशक्तीच्या आंकड्यांचा काय उपयोग? कांहीं जण पंपच काढून तेल टांकींत मिसळतात. पंपाच्या तारेची चिंता त्यानें मिटते, हें खरें. पण वेग आणि भार पाहून तेल देणारी योजना जाऊन सर्वकाळ एकच प्रमाण उरतें. शिवाय दोन झडपांचें भांडण त्यानें मिटत नाहीं तें नाहींच.

"हें काम मिस्त्रीचें, आमचें नव्हे," असें शेवटीं म्हटलें जाईल. ठीक आहे, पण मग त्या कामाचें मोल तरी द्याल? सिलिंडर नवा करावयाचा असला तर हजारों रुपये विनातक्रार निघतात, कारण तो हातांत धरून दाखवितां येतो. तारांच्या जुळणींत गेलेल्या तासाचा मोबदला मागितला कीं मात्र "नुसता नट तर फिरविलात!" हा शेरा ऐकावा लागतो. ज्या कामाला दाम नाहीं आणि मान नाहीं तें काम मिस्त्रीनें टाळलें, तर दोष एकट्या मिस्त्रीचा कसा? स्क्रू पिळण्याची विद्या त्यानें आपल्या गिऱ्हाइकांपासूनच उचलली आहे. त्यांना आवाज हवा होता. त्यानें आवाज दिला.

तेव्हां जुन्या यंत्राचा अभिमान सांगणारांकडे आमचें मागणें एवढेंच आहे. पुढच्या खेपेस पैसे देण्यापूर्वीं गाळणी काढावयास सांगा, स्वतः आरसा धरा, मूठ हळूच फिरवा आणि दोन झडपा एकत्र उठतात कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहा. त्या उठल्या तर त्या कारागिराला त्याच्या तासाचें पूर्ण मोल द्या. एवढेंही जड वाटत असेल तर गाडी दिवाणखान्यांत ठेवा व खुशाल पुसत बसा. पण तिच्यावर लेकरांना बसवूं नका.