वारा कामाला लावणारी मुलं

पुणे-सातारा महामार्गावर किकवीजवळ भरधाव ट्रक शेजारून गेला की दुचाकी डुगडुगते. वाऱ्यात किती जोर असतो ते तिथं अंगाला कळतं. हाच जोर गाडी जमिनीला धरून ठेवायला वापरण्याचं काम अभियांत्रिकीची मुलं शर्यतीच्या गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी करतात. आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ आणि सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन संघ आपापल्या गाड्या स्वतः बांधतात. विमानाचा पंख उलटा बसवला की तो गाडी खाली दाबतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणूनच ताशी ५०-६० किलोमीटरच्या वळणावर उपयोग व्हायचा, तर पंख मोठा आणि तरीही हलका हवा. त्यासाठी फोम तापलेल्या तारेनं कापायचा, त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं फायबरचं कापड बसवायचं, सुकलं की घासायचं. पंखाच्या मागच्या कडेला काटकोनात बारीकशी पट्टी लावली तरी दाब वाढतो. अमेरिकेच्या डॅन गर्नी यांनी ती १९७१ मध्ये शर्यतीच्या गाडीवर आणली. मग पंखावर लोकरीचे धागे चिकटवून गाडी पळवायची. धागे सरळ राहिले तर वारा पंखाला धरून आहे. फडफडले तर सुटला, कोन कमी करा. असं शिक्षण नुसत्या पुस्तकातून मिळत नाही. शिरवळ-खेड शिवापूर पट्ट्यातल्या कारखानदारांनी अशा मुलांना उरलेलं फायबर आणि चाचणीसाठी बंदिस्त आवार द्यावं. मुलांनीही एक पथ्य पाळावं: वेगाची परीक्षा ट्रॅकवरच द्यायची, महामार्गावर कधीच नाही.