गळ्यात स्टेथोस्कोप नसलेला आरोग्यसेवक

‘डॉक्टर, तुमच्या गोळ्यांनी गुण आला,’ हे वाक्य दवाखान्यात रोज कानी पडते. ऐकायला गोड वाटते. पण गुण गोळ्यांनी आला की आजार आपसूक उतरला, हे एका रुग्णावरून कोणाही डॉक्टरला छातीठोकपणे सांगता येत नाही. साधी सर्दी औषधाविनाही आठवड्याभरात बरी होते. मग खरे-खोटे ठरवायचे कोणी? हे काम जैवसंख्याशास्त्रज्ञाचे. तो कोणाची नाडी पाहत नाही; पण कोणत्या उपायाने किती माणसे वाचली, याचा हिशेब तोच मांडतो.

उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच घ्या. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून पाहणी झाली. चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांनी मोजदाद झाली. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या, तर चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. बाकी दोन पद्धतींनी मृत्यू निश्चितपणे घटल्याचे दिसले नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष जगभर अभ्यासले गेले.

गट चिठ्ठीने का पाडायचे? आपल्या मर्जीने निवड केली, तर सुशिक्षित, जवळच्या गावांतल्या बायका एकीकडे जातील आणि श्रेय मात्र चाचणीला मिळेल. किती स्त्रिया घ्याव्यात, दिसलेला फरक निव्वळ योगायोग तर नाही ना, हेही गणितानेच ठरते. आणि ते ६४ म्हणजे नुसता आकडा नव्हे, ६४ घरे आहेत, याचे भान हिशेब मांडणाऱ्याला हवेच.

या वाटेने गेलेला मराठी माणूसही आपल्यापुढे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे डॉक्टर होते ते संख्याशास्त्राचे. १९५१ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आपल्या नेहमीच्या धान्य-डाळीच्या जेवणातून पोटभर उष्मांक मिळाले, तर प्रथिनांची वेगळी चिंता सहसा उरत नाही, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आज नीटमध्ये गुण कमी पडले की आमच्या चिकलठाण्यातही घराघरांत सुतक पडल्यासारखे होते. पालकहो, मुलाला किंवा मुलीला गणिताची गोडी असेल, तर आरोग्यसेवेचा हा दुसरा दरवाजा उघडा आहे. संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे जैवसांख्यिकीत एम.एस्सी. करता येते; मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत या विषयाचे शिक्षण मिळते. वैद्यकीय महाविद्यालये, कर्करोग संस्था, औषध कंपन्या यांना अशी माणसे लागतात.

आम्ही डॉक्टर समोरच्या एका रुग्णापुरते पाहतो. साऱ्या जिल्ह्याचे दुखणे पाहणारा माणूसही कोणाच्या तरी घरातूनच यायचा आहे. तो तुमच्या घरातून का येऊ नये?