ती उडी घेतली कोणी?

नायक गच्चीवरून उडी घेतो, खाली उभ्या असलेल्या घोड्यावर स्वार होतो आणि दुष्टांच्या तावडीतून निसटतो. प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. परंतु ती उडी घेतली कोणी? पुष्कळदा नायकाचा वेष चढविलेल्या निराळ्याच माणसाने! आपला चेहरा दिसू न देणे, हा त्याच्या कामाचा पहिला नियम. जखम झाली तर ती त्याची; टाळी मात्र नायकाची. हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.

अमेरिकेत जॉक महोनी नावाचा असाच एक धाडसी नट होता. एरल फ्लिन या विख्यात नटाच्या एका चित्रपटात उंच जिन्यावरून घेतलेली झेप अतिशय गाजली. ती झेप महोनीची होती, हे किती प्रेक्षकांना ठाऊक असेल? पुढे 1951 पासून घोडेस्वारांच्या एका दूरचित्रवाणी मालिकेत तो स्वतःच नायक झाला, तेव्हा कोठे लोकांनी त्याचा चेहरा ओळखला.

असाच एक पुरुष वऱ्हाडच्या भूमीत जन्मला. बुलढाणा, अकोला, अमरावती हा सारा वऱ्हाडचा मुलूख. त्यांपैकी अमरावती येथे 1 ऑगस्ट 1913 रोजी भगवान आबाजी पालव यांचा जन्म झाला. वडील मुंबईत कापडगिरणीत कामगार होते. भगवाननेही प्रारंभी मजुरी केली. परंतु ओढ होती ती चित्रपटाची आणि व्यायामाची. मूकपटांतून त्यांचा पडद्यावर प्रवेश झाला. 1938 पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी अल्प भांडवलात एकामागून एक मारधाडीचे चित्रपट काढले. नायक तेच, दिग्दर्शकही तेच. आणि पडद्यावरच्या हाणामारीसाठी दुसऱ्याला पुढे करणे त्यांना रुचत नसे. गिरणीकामगार, हमाल, टांगेवाले हा त्यांचा प्रेक्षक. सुशिक्षितांनी या चित्रपटांना नाके मुरडली. कथा साध्या होत्या, हे खरे. पण दिवसभर राबलेल्या माणसाला अन्यायाविरुद्ध उगारलेली मूठ पाहून हुरूप येत असेल, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

मात्र या कामात नुसती छाती असून भागत नाही. पडद्यावरचा ठोसा गालाजवळून निसटून जातो. कॅमेरा अशा कोनात ठेवलेला असतो की तो लागलाच असे वाटावे. उंचावरून पडणारा नट खाली रचलेल्या गाद्यांवर किंवा रिकाम्या खोक्यांवर पडतो. आखाड्यातील मल्ल पडावे कसे हे आधी शिकतो, तसेच हे. बोटभर अंतर चुकले तर काय होते, हे 1942 मध्ये दिसून आले. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान यांनी मारलेली चपराक ललिता पवार या गुणी अभिनेत्रीला खरोखरच जोराने लागली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि उपचारांत तीन वर्षे गेली. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्या मानी स्त्रीने पुढे सासूच्या भूमिकांत नाव मिळविले, ही गोष्ट वेगळी. धोका पत्करणाऱ्याचे कौतुक करणाऱ्यांनी त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेचीही तितकीच चौकशी केली पाहिजे.

हॉलिवूडमध्ये याकिमा कॅनट यांना 1967 साली विशेष ऑस्कर मिळाले, ते केवळ उड्यांसाठी नव्हे, तर अशा नटांना इजा होऊ नये म्हणून शोधलेल्या साधनांबद्दलही. भारतात साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार प्रथम 2017 मध्ये देण्यात आला. बोलपटांचा प्रारंभ 1931 चा! इतका विलंब शोभण्यासारखा नाही.

भगवानदादांचे नाव आज निघते ते 1951 च्या ‘अलबेला’मुळे आणि त्यातील नाचामुळे. त्या हलक्या पावलांना बळ दिले होते ते मारधाडीच्या दहा वर्षांनी. पण त्या चित्रपटांपैकी बहुतेक आता पाहावयास मिळत नाहीत. पुढील चित्रपट पडले, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. 4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या चाळीतील घरात त्यांचे निधन झाले.