पाण्याचे दुसरे नाव

पाण्याला आपल्या भाषेत 'जीवन' असेही म्हणतात, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्या शब्दाची परीक्षा कळंबोलीच्या एका गॅरेजात व्हावी, हा योगच म्हणायचा!

त्याचे असे झाले. नाताळच्या सुट्टीत आपल्याच मोटारीने मनाली गाठायची आणि वरच्या सोलंगच्या उतारावर कन्येने स्कीइंग शिकायचे, असा बेत घरात ठरला. प्रवास सुमारे दोन हजार किलोमीटरांचा. म्हणून दिवाळीपूर्वीच गाडी मिस्त्रींना दाखवायला नेली.

त्यांनी बॉनेट उघडले, रेडिएटरमध्ये डोकावले आणि विचारले, "सर, यात काय घालता?"

"पाणी. नळाचे, अगदी स्वच्छ!"

"मग तिकडे एका रात्रीत इंजिन तडकेल."

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे मीही शाळेत शिकलो होतो. पण ते परीक्षेपुरते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असे मिश्रण घातले, तर ते शून्याखाली ३० अंशांपर्यंतही गोठत नाही. टायरचेही तसेच. तापमान सहाएक अंशांनी उतरले की हवा एक पौंडाने कमी होते. इथे नीट भरलेली हवा तिथल्या पहाटे पाच-सहा पौंडांनी कमी भरणार! बॅटरीही थंडीत दुबळी होते. आमची जुनी तर बदलायलाच हवी होती. बर्फासाठीच्या साखळ्या मी मागच्या चाकांना लावणार होतो. गाडी म्हटली की ती मागून ढकलायची, एवढेच माझे यंत्रज्ञान! आमच्या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते, तेव्हा साखळ्याही पुढेच हव्यात, हे तेथे कळले.

कळंबोलीत लोखंड-पोलादाचा मोठा बाजार. त्यामुळे साऱ्या देशाचे ट्रक येथे येतात. शेजारी चहा पीत बसलेले एक वयस्क पंजाबी ट्रकचालक हे सारे ऐकत होते. ते म्हणाले, "मास्टरजी, रात्री हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका, गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. सकाळी रस्ता नुसता ओला दिसला, तरी तो बर्फच समजा. ब्रेक दाबू नका. खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरा."

मी वहीत सारे टिपून घेतले. मग त्यांनी विचारले, "गाडीत कोण कोण?"

"पत्नी आणि मुलगी."

"बर्फावर गाडी कधी चालवलीत?"

"नाही."

"मग पहिला धडा त्यांना बसवून कशाला गिरवता? बर्फ पडला तर गाडी मनालीत ठेवा. वर तिथल्या माणसाच्या जीपने जा."

खरे सांगतो, मला राग आला. एवढा खर्च, एवढी तयारी, आणि शेवटचे तेरा-चौदा किलोमीटर दुसऱ्याच्या गाडीत बसायचे? घरी येऊन हिला तावातावाने सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मुलीला बर्फावर उतरायला शिकवणारा माणूस आपण तिथलाच बघणार ना? मग चढवणाराही तिथलाच असू दे की!"

यावर प्राध्यापकाजवळ उत्तर नव्हते. साखळ्या घेतल्या आहेत, मिश्रण भरले आहे. पण बर्फ असला तर वर जीपनेच जायचे, हेही ठरले आहे.

यंदा वर्गात मात्र एक पुस्ती जोडीन : पाणी म्हणजे जीवन, हे खरेच, पण शून्य अंशाच्या वर!