थळचा रिॲक्टर आणि वालाच्या गाठी

केमिकल इंजिनिअरिंगला आलात की एक माणूस तुम्हाला गाठतोच. फ्रिट्झ हाबर! १९०९ साली त्याने नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ साली कार्ल बॉशने जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना चालू केला, आणि शंभरहून जास्त वर्षं झाली तरी आपण जर्नलमध्ये त्याचीच फ्लोशीट काढतोय. लोखंडाचा कॅटॅलिस्ट, चारशे-साडेचारशे डिग्री तापमान, दीडशे-दोनशे ॲटमॉस्फिअर दाब. व्हायवाला हे आकडे आले नाहीत तर काय होतं, ते सीनिअर्सना विचारा.

माझी तक्रार हाबरबद्दल नाही. जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न आज त्याच्या अमोनियावर उभं आहे. तक्रार एवढीच की हेच काम करणारा दुसरा एक प्लँट साध्या तापमानाला, एका ॲटमॉस्फिअरला चालतो, आणि आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आमची इंडस्ट्रिअल व्हिजिट थळच्या युरिया कारखान्यात होती. अलिबागच्या आसपास हिवाळ्यात गेलात तर भात कापलेल्या खाचरांत, उरलेल्या ओलीवर वाल उभा दिसतो. (ज्यांनी तिकडची पोपटी खाल्ली आहे त्यांच्या तोंडाला आत्ता पाणी सुटलं असेल, पण विषयांतर नको.) म्हणजे बघा, कुंपणाच्या आत नैसर्गिक वायू वापरून, प्रचंड कॉम्प्रेसर्स लावून नायट्रोजन बांधला जातोय. कुंपणाबाहेर वालाची मुळं तेच काम करतायत, गुपचूप. आमच्या रिपोर्टमध्ये आतलं सगळं आलं, बाहेरचं काहीच नाही.

वालाचं एखादं रोप फुलावर यायच्या सुमाराला अलगद खणून काढा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग असेल तर प्लँट चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद! हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लांबचा भाऊ. गाठीत राहणाऱ्या रायझोबियम जातीच्या जिवाणूंकडे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं, त्यात लोखंड आणि मॉलिब्डेनम. ते हवेतल्या नायट्रोजनचा ट्रिपल बाँड तोडतं. पण ऑक्सिजन लागला की ते बिघडतं, म्हणून लेगहिमोग्लोबिन मोकळा ऑक्सिजन अगदी थोडा ठेवतं. कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांनो, हे वाचताय ना?

फुकट मात्र काहीच नाही. नायट्रोजनच्या एका रेणूला १६ एटीपी मोजावे लागतात, आणि ते बिल झाड आपल्या साखरेतून भरतं. म्हणूनच जमिनीत आयतं नत्र भरपूर मिळालं की झाड गाठी कमी करतं. कशाला पोसायचे भाडेकरू? कडधान्याला सढळ हाताने युरिया टाकणं म्हणजे पैसे देऊन चालता प्लँट बंद पाडणं.

(नत्र म्हणजे नायट्रोजन. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द शाळेत भेटलाच नाही, मी तो खताच्या गोणीवर वाचला. शब्द छान आहे.)

गाठींमधले जिवाणूच हे काम करतात हे हेल्रीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात दाखवलं. आपल्या शेतकऱ्यांकडे त्यासाठी शब्दच आहे, बेवड. भुईमुगाच्या बेवडावर पुढचं पीक चांगलं येतं, हे माझ्या आत्याच्या यजमानांना कुठल्याही पेपरशिवाय माहीत आहे. अर्थात बरंचसं नत्र दाण्यांबरोबर घरी जातं. पाला, मुळं शेतात राहिली तरच पुढच्या पिकाला त्यातलं काही मिळतं.

आता मूळ मुद्दा. हे जिवाणू पाकिटात विकत मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचं. पिकाप्रमाणे पाकीट वेगळं, हरभऱ्याचं सोयाबीनला चालत नाही. २००६ पासून जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, असा नियम आहे. कागदावर उत्तम! पण गेल्या मे महिन्यात मी काकांबरोबर तालुक्याच्या एका दुकानात गेले होते. पाकिटं दर्शनी काचेत, भर उन्हात मांडलेली. मी म्हटलं, "काका, हे जिवंत असतं ना?" काका म्हणाले, "असेल गं, पण ते ओळखायचं कसं? मागच्या वर्षी लावलं, काही फरक दिसला नाही. मग गोण आणली युरियाची."

काकांचं काय चुकलं? मेलेलं औषध देऊन रोगी बरा होत नाही म्हणून औषधालाच नावं ठेवली जातात. आणि हा प्रश्न बायोलॉजीचा उरलेलाच नाही. जिवाणू कोणता, तो काय करतो, हे माहीत आहे. तो कारखान्यापासून बांधापर्यंत जिवंत पोचवायचा कसा, हा पॅकेजिंगचा, हीट ट्रान्सफरचा, इन्स्ट्रुमेंटेशनचा प्रश्न आहे. म्हणजे आपला! लसीच्या कुपीवर उष्णता लागली की रंग बदलणारं लेबल असतं. तसं लेबल या पाकिटावर का नसावं?

कोणी म्हणेल, भात, गहू, ऊस यांच्या मुळांवर अशा गाठी कुठे असतात? खरं आहे, तिथे युरिया लागणारच. २०२४ साली समुद्रातल्या एका शैवालात नायट्रोजन बांधणारा भाग पेशीचाच अवयव झालेला सापडला, तेव्हापासून गव्हाबद्दल स्वप्नं बघणं आणखी वाढलंय. ते होईल तेव्हा होईल. वाल, तूर, हरभरा, सोयाबीन आज शेतात आहेत.

मी हा विषय प्रोजेक्टसाठी काढला तेव्हा एकाने ऐकवलं, "हे ॲग्रीवाल्यांचं काम." असू दे. आपल्याकडे दर वर्षी लाइन फॉलोअर रोबो होतात, काळ्या पट्टीवरून इमानाने चालतात आणि जूनमध्ये कपाटात जातात. फायनल इयरला मला उष्णतेचं लेबल करून बघायचं आहे. इन्स्ट्रुमेंटेशनचा एक पार्टनर हवा आहे. इंटरेस्ट असेल तर टी.ई. केमिकलच्या वर्गात येऊन भेटा, मात्र सबमिशनचा आठवडा सोडून!