दुसरी प्रत : संगणकातील वहीखात्याविषयी काही विचार

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याचे भांडवल केवळ गोदामात नसते. त्याचा मोठा वाटा उधारीच्या रूपाने गावोगावच्या दुकानदारांकडे असतो, आणि त्या उधारीचा आधार म्हणजे पेढीवरील वह्या होत. जुन्या पद्धतीत रोजकीर्द वेगळी व खतावणी वेगळी असे. खतावणी वाळवीने खाल्ली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा मांडता येई; श्रम पडत, पण येणे बुडत नसे. आज या दोन्ही वह्या, मालाचा साठा आणि जीएसटीची बिले ही सर्व संगणकातील एकाच हार्ड डिस्कवर नांदतात. ती एक डिस्क गेली की सर्व वह्या एकदम जातात. सोय वाढली खरी, परंतु जुन्या पद्धतीत आपोआप मिळणारे संरक्षण आपण गमावले, याकडे आम्ही सभासद बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

अलीकडे काही पेढ्यांनी आपले संगणक लिनक्सवर नेले आहेत. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि मुंबईत घडलेले 'ईआरपीनेक्स्ट' हे हिशेबाचे सॉफ्टवेअरही तिच्यावर चालते. हा बदल आम्हांस स्वागतार्ह वाटतो. परंतु त्याबरोबर लिनक्सला कसलाच धोका नाही असा जो समज पसरला आहे, तो घातक आहे. २०१७ च्या जून महिन्यात दक्षिण कोरियातील 'नयाना' या कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले, आणि कंपनीस सुमारे १० लाख डॉलर मोजावे लागले. शिवाय डिस्क झिजते, वीज दगा देते, आणि घाईत दिलेली पुसण्याची आज्ञा लिनक्स मुकाट्याने पाळते.

यावर उपाय एकच. सर्व माहितीची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवणे. या कामासाठी लिनक्समध्ये 'आरसिंक' नावाचे साधन आहे. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ साली प्रसिद्ध केले. पहिल्या वेळी ते सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवते. पुढे आकार व बदलाची वेळ पाहून केवळ बदललेल्या फाइली घेते. त्यामुळे रोजचे काम थोडक्यात आटोपते.

तथापि काही खबरदारी मुळातच घ्यावी. बाजारातून आणलेली डिस्क बहुधा विंडोजला सोयीच्या रचनेत येते. तीवर लिनक्सच्या फाइलींची मालकी व परवानग्या नीट टिकत नाहीत. म्हणून ती प्रथम 'ईएक्सटी-४' या रचनेत तयार करून घ्यावी. चालू हिशेबाचा डेटाबेस तसाच उचलल्यास अर्धवट नोंदी येण्याचा संभव असतो. यास्तव त्याची प्रत आधी त्याच्याच आज्ञेने काढावी आणि मग ती दुसऱ्या डिस्कवर न्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसरी डिस्क खरोखर जोडली गेली आहे याची खात्री झाल्यावाचून काम सुरू होऊ देऊ नये. ती जोडलेली नसेल, तर आरसिंक त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे पहिल्याच डिस्कवर, प्रत करीत राहते, आणि पेढीवर सर्वांना वाटते की काम चोख झाले.

काही बंधू म्हणतात, "आमच्या यंत्रात दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिले की दुसरीवर आपोआप उमटते. मग आणखी काय हवे?" एक डिस्क बिघडल्यास ही जोडी उपयोगी पडते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एखादे खाते चुकून पुसले गेले, तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून पुसले जाते. आरसिंकलाही मूळ डिस्कवर नसलेले प्रतीवरून काढून टाकण्याची मुभा दिली, तर पुढच्या फेरीत तोच प्रकार होतो. म्हणून तारीखवार प्रती ठेवाव्यात. न बदललेली फाइल पुन्हा न लिहिता आधीच्याच फाइलीकडे बोट दाखवण्याची सोय त्या साधनात असल्याने जागेचा खर्चही बेताचा राहतो.

प्रत झाली की डिस्क संगणकापासून अलग करावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोरांच्याही हाती लागते. ती एकाच छपराखाली ठेवणेही पुरेसे नाही. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव, कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांत महापूर आला, तो आपण विसरलो नसू. पुराच्या पाण्याला मूळ डिस्क कोणती व प्रतीची कोणती हे कळत नाही. यास्तव प्रतीसाठी दोन डिस्क घ्याव्यात, एक पेढीवर व एक घरी ठेवावी, आणि दर आठवड्यास त्यांची अदलाबदल करावी. त्यांत गिऱ्हाइकांचे हिशेब असतात, म्हणून त्या संकेतशब्दाने बंद कराव्यात. मात्र तो संकेतशब्द घरातील दोन जबाबदार माणसांस ठाऊक असावा.

इतके करूनही एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते तीच मुख्य होय. 'गिटलॅब' ही संगणक क्षेत्रातील नामांकित कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेस पुसला. संरक्षणाच्या पाच व्यवस्था कागदोपत्री होत्या. प्रसंगी एकही भरवशाची ठरली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एका प्रतीवर निभावले. जाणत्यांची ही स्थिती, तर आपली काय? आपण पोते घेताना तोंडाशी दिसणाऱ्या धान्यावर विसंबत नाही. आतून मूठभर काढून पाहतो. तद्वत प्रत ही परत उतरवून पाहिल्यावाचून प्रत मानू नये. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उतरवावी, दोन-चार खाती उघडावीत आणि तेरीज जुळते की नाही ते पाहावे.

कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांपैकी ५७ व्या नियमानुसार संगणकातील नोंदींची प्रत अशी राखावी लागते, की मूळ नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी अवधीत परत उभ्या करता याव्यात. वार्षिक विवरण भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपण्याचे बंधनही आहेच. परंतु दंडाच्या भयापेक्षा आपली पत मोठी. आपल्या वहीवर शेतकऱ्याचे देणेही लिहिलेले असते. ते बिनचूक सांगता येणे हे आपले कर्तव्य होय.

यास्तव संघाच्या कार्यकारिणीस आमची नम्र सूचना आहे, की संघाच्या कार्यालयात लिनक्सचा एक संगणक केवळ या तपासणीसाठी ठेवावा, आणि ज्यांस सोय नाही अशा सभासदांस तेथे आपली डिस्क आणून ती उतरवून पाहता यावी. पाडव्यास आपण वहीपूजन करतो. त्याच दिवशी दुसरी प्रतही उघडून पाहण्याचा प्रघात पडावा. दिवाणजींबरोबर घरातील तरुण मुलामुलींनीही हे काम शिकून घ्यावे. ते अवघड नाही, आणि दोन डिस्कची किंमत बुडालेल्या एका उधारीहून खचित कमी आहे.